शाल्मलीच्या नावाची पार्सलं

श्यामकांत टिपणिसांना जपानात एक मुलगी आहे, ही कुजबुज अंबरनाथ पूर्वेच्या सुखदा सोसायटीत बरीच वर्षं सुखाने नांदली. मोठ्याने कोणी बोलत नसे. मोठ्याने बोललं की असल्या गोष्टीची चव जाते. गच्चीवर पापड वाळत घालताना, नळाला पाणी येईपर्यंत बादल्यांशेजारी ताटकळताना, कोणाकडच्या हळदीकुंकवाहून परतताना ती हळूच बाहेर निघायची आणि पहिल्या मजल्यावरचं टिपणिसांचं दार आलं की पदराआड जायची.

मुलगी म्हटली की आई आलीच. ती सोसायटीने आपल्या पदरची घातली. कोणी म्हणे ती तिकडे रेशमाच्या दुकानात असते, कोणी म्हणे नर्स आहे. तळमजल्यावरच्या वृंदाने तर तिचा रंगही ठरवून टाकला होता. "साबुदाण्यासारखा," ती म्हणायची. "भिजवलेल्या हं, खिचडीतल्या नव्हे."

बरं, कुजबुज काही हवेतून आली नव्हती. तिला पुरावा होता, आणि तो दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला पोस्टमन रामभाऊंच्या पिशवीतून यायचा. जाड तपकिरी कागदाचं पार्सल, वर पक्ष्यांच्या चित्रांची तिकिटं, आणि पत्त्यात इंग्रजीत ठळक अक्षरांत नाव: कुमारी शाल्मली श्यामकांत टिपणीस. आता टिपणिसांच्या घरात माणसं दोनच. श्यामकांत आणि त्याची बायको कुमुदिनी. कुमारी म्हणावी अशी तिथे कोणी नव्हती, आणि कधी कोणाच्या दृष्टीसही पडली नव्हती.

"मुलगी तिकडे आणि पार्सल इकडे. हा काय प्रकार?" रामभाऊ वृंदाच्या दारात चहाची बशी तोंडाला लावत विचारायचे.

"अहो, आधी सामान पाठवतायत," वृंदा उलगडा करायची. "मागाहून मुलगी येईल."

कुमुदिनीला यातलं सगळं ऐकू यायचं. तिचे कान तिखट होते, आणि जिन्यात आवाज घुमतो हे खालच्या मजल्यावरच्यांना कधी उमगलंच नाही. पण ती चिडली नाही. पार्सलाची सही करून देताना ती मान वर न करता एवढंच म्हणायची, "काय रामभाऊ, वृंदाकडचा चहा झाला, की हे देऊन मग घेणार?" रामभाऊ जे सुटायचे ते थेट फाटकाशीच थांबायचे.

पार्सलात निघायचं ते लहान मुलांचं चित्रांतल्या गोष्टीचं पुस्तक. तिकडे जपानात एक मालिका होती, वर्षानुवर्षं चाललेली. आजोबांनी वाचलेली नातवंडं वाचतात आणि संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा बघतात, अशी. तिच्यात बुटक्या वेण्यांची एक चिमुरडी आणि एक गुबगुबीत जनावर. हे जनावर कोणतं यावर सोसायटीत दोन तट होते. आखूड सोंड होती म्हणून निम्मे लोक हत्तीचं पिल्लू म्हणत. अंगाने निम्मं काळं, निम्मं पांढरं होतं, तर उरलेले म्हणत डुक्कर. असलं जनावर आपल्याकडे नसतंच, त्यामुळे वाद मिटायचा प्रश्न नव्हता. कुमुदिनीने त्याचं नाव ठोंब्या ठेवलं, मुलीचं मनी ठेवलं, आणि वाद पुढे चालू द्यायला मोकळी झाली.

दुपारी शाळा सुटली की सोसायटीतली मुलं तिच्या पुढच्या खोलीत गोळा व्हायची. फरशीवर कोंडाळं, मधे पुस्तक, आणि कुमुदिनी एकेका चित्रावर बोट ठेवत गोष्ट सांगायची. अक्षर कोणाला लागत नव्हतं. चित्रांवरून जेवढं कळेल तेवढं खरं, बाकीचं घरचं.

गोष्ट अशी असायची. मनी आणि ठोंब्या तळ्याकाठी बसून मजेत संत्र सोलून खातायत. मग गावात नुसता गोंधळ. कोणाची किटली, कोणाची छत्री, कोणा आजोबांची कवळी, सगळं ठोंब्या सोंडेत धरतो आणि नेऊन तळ्यात सोडतो. शेवटी मनीची एखादी आवडती वस्तू, चप्पल नाहीतर बाहुली, तीही पाण्यात जाते. आणि अगदी शेवटच्या चित्रात मनी एकटीच तळ्याकाठी उभी. रडते आहे.

सगळ्या गोष्टी अशाच संपायच्या. पहिल्या खेपेला मुलांनी भोकाड पसरलं. वृंदाची राही तर ठोंब्याला मारायलाच निघाली होती. तेव्हा कुमुदिनीने एक युक्ती काढली. पुस्तक मिटून ती म्हणायची, "मग मनी रडतरडत झोपी गेली. आणि रात्री काय झालं, ठाऊक आहे?"

"काय काकू?"

"रात्री ठोंब्याची आई आली."

आणि पुस्तकात नसलेली एक रात्र ती रचायची. कधी ठोंब्याची आई त्याचा कान पिरगाळायची, कधी तळ्यातले मासे चप्पल पोचवायला यायचे, कधी चंद्रच उतरून शोधाशोध करायचा. कारण दुसऱ्या दिवशीची गोष्ट मनीच्या हसण्याने सुरू व्हायची, आणि रडणारी मुलगी सकाळी हसायला हवी तर मधे काहीतरी घडायला हवंच. मुलं खरं तर त्या रात्रीसाठीच यायची. वृंदासुद्धा राहीला बोलावण्याच्या मिषाने दारात टेकून ऐकायची, आणि घरी जाऊन जपानी बाईचा साबुदाणा भिजत घालायची.

आता कुजबुजीच्या मागची हकीगत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होता. कारखान्याचं जपानशी सहकार्य होतं. त्र्याऐंशी साली त्याला ट्रेनिंगसाठी तिकडे धाडलं. कुमुदिनीला तेव्हा दिवस गेले होते. बिऱ्हाड उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. पहिलं बाळंतपण म्हणून ती रिवाजाप्रमाणे माहेरी गेली, बदलापूर गावात. दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली. तिकडे तार गेली. श्यामकांत ज्या खाणावळीत राहत होता तिथल्या ओकुनो नावाच्या बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना तिकडे आनंदाच्या प्रसंगी करतात तो लाल भात खाऊ घातला आणि श्यामकांतच्या हातात एक पुस्तक ठेवलं. मुलीला, मोठी झाली की वाचायला. त्यांचा स्वतःचा मुलगा याच मालिकेवर वाढला होता.

दुसऱ्या दिवशी दुसरी तार गेली. मुलगी राहिली नव्हती.

श्यामकांत दोन वेळा जेवला नाही. ओकुनोबाईंना वाटलं, लेकीचं तोंड बघायची ओढ लागली असेल. त्यांनी त्याला बळेच सूप पाजलं. आणि इतक्या आनंदाने पाजणाऱ्या बाईला खरं सांगायला श्यामकांतची जीभ उचलली नाही. मशीनचा कुठलाही पुर्जा खोलून बसवणारा तो माणूस, पण एक वाक्य त्याला जमलं नाही. तसाच पुस्तक घेऊन परत आला.

परतल्यावर दोघांनी उल्हासनगरची खोली सोडली आणि सुखदात आले. नव्या जागेत कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि कुमुदिनीने सांगितलं नाही. पुढे मूल झालंही नाही.

पुढच्या दिवाळीला पहिलं पार्सल आलं तेव्हा नाव वाचून ती दारातच थबकली. एक दिवसाच्या पोरीचं बारसं कोण करतं? तिला नाव नव्हतंच.

"तुम्ही ठेवलंत?" तिने श्यामकांतला विचारलं.

"बाईंनी नववर्षाच्या कार्डात विचारलं होतं. नाव काय ठेवलं म्हणून." त्याने खाली बघत बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "काहीतरी लिहायला हवं होतं ना."

कुमुदिनी बराच वेळ त्या कागदावरून बोट फिरवत राहिली. "चांगलं आहे नाव," ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात एक गंमतच सुरू झाली. गंमत म्हणायची, कारण दुसरा शब्द जड जाईल. पार्सल पोचल्याचं कळवायचं तर शाल्मलीचं चार ओळी काहीतरी कळवायला हवं. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसायची. श्यामकांत पेन उघडून म्हणायचा, "यंदा काय?" आणि कुमुदिनी सांगायची. यंदा चालायला लागली म्हणावं. यंदा भिंतीवर रेघोट्या ओढते. यंदा पुढचे दात पडले. हे सगळं ती राहीवरून घ्यायची. राही त्याच सालची. राहीला गोवर आला की शाल्मलीलाही यायचा, फक्त थोडा हलका. कुमुदिनी तिला जास्त ताप येऊ द्यायची नाही.

असं करता करता सबंध जगात एका माणसाच्या लेखी शाल्मली दरवर्षी एका वर्षाने मोठी होत होती. तो माणूस म्हणजे अंबरनाथ कधी न पाहिलेल्या ओकुनोबाई. बदलापूरला माहेरी तर कोणी तिचा विषयही काढत नसे.

आणि एक्क्याण्णवच्या जानेवारीत ओकुनोबाईंचं कार्ड आलं. बुद्धाच्या ठिकाणांच्या यात्रेला एक मंडळी निघाली आहे, तिच्याबरोबर त्या येतायत. वेरूळ झालं की मुंबईत एक दिवस मोकळा आहे. त्या दिवशी अंबरनाथला येऊन शाल्मलीला डोळे भरून बघायचं आहे.

श्यामकांतने कार्ड वाचलं आणि घाम पुसला. "आजारी आहे म्हणून कळवू?"

"मग त्या औषध घेऊन येतील. तुम्हीच म्हणता ना, कशा आहेत त्या."

"आजोळी गेलीय म्हणू."

"बदलापूरला? पुढचं स्टेशन आहे ते!"

श्यामकांत खिडकीतून खाली बघत होता. खाली राही दोरीवरच्या उड्या मारत होती. बघता बघता त्याचा चेहरा उजळला, आणि कुमुदिनीला त्याच्या मनातलं कळलं. तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. दुपारपुरती राही. तिच्याच तर दातांवर आणि गोवरावर शाल्मली वाढली होती. खरं सांगितलं तर त्या बाईंच्या लेखीसुद्धा शाल्मली जाईल, मग कुठेच उरणार नाही. ती दुसऱ्यांदा गेलेली कुमुदिनीला सोसवणार नव्हती.

वृंदाला सगळं सांगणं भाग पडलं. म्हणजे सगळं नाही. "जपानच्या एक बाई येतायत," कुमुदिनी म्हणाली, "त्यांना वाटतं आम्हाला मुलगी आहे. त्यांचं मन मोडवत नाही. राही दोन तास देतेस?"

वृंदाच्या डोळ्यांत जे काही चमकलं त्याने सबंध सोसायटीत उजेड पडला असता. "देते की," ती म्हणाली. "पण बाई म्हणजे, कशा आहेत दिसायला?"

राहीने मात्र अटी घातल्या. "काकू, मी तुम्हाला आई म्हणायचं?"

"हो ग. थोडा वेळ."

"मग ठोंब्याच्या दोन रात्री जास्तीच्या."

तेवढ्यात कुमुदिनीला पुस्तकांची आठवण झाली. मुलांनी हाताळून हाताळून त्यांची लक्तरं झाली होती. पुठ्ठे सुटलेले, पानं गळालेली. पाहुणीच्या पुढ्यात ही दशा कशी ठेवायची? तिने गठ्ठा बांधला आणि उल्हासनगर गाठलं. कॅम्प चारमध्ये त्यांचे जुने घरमालक खेमचंद राहत, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. खळीचा वास, दाबयंत्र, आणि खेमचंदच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, वर्षानुवर्षं तशीच.

"कुमुद बेटी! रस्ता चुकलीस काय?" त्यांनी गठ्ठा सोडला, चित्रं पाहिली, मान डोलावली. "सोमवारला ये."

सोमवारी गेली तर पुस्तकं नवीकोरी दिसत होती. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड. तिने वरचं पुस्तक हातात घेतलं आणि उघडायला गेली तो हाताला पाठच लागली.

"दादा, हे काय? सगळी उलटी बांधलीत!"

"उलटी?" खेमचंदनी चष्मा कपाळावर चढवला. "बेटी, उलटा तर मी माझ्या लग्नात फेरा पण घेतला नाही."

"अहो, पुस्तक इकडून उघडायला हवं."

"इकडून तुमचं मराठी उघडतं." त्यांनी फळीवरून एक जुनं सिंधी बालपुस्तक काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "आमची सिंधी इधर से चलती है. उजवीकडून. पुठ्ठे तर तुझे सुटलेलेच होते. हाताला सवय, मी तस्वीरं बघितली, बरोबर लागत होती, बांधून टाकली."

"पण ही सिंधी नाही, जपानी आहेत."

"जपानी असू दे. बच्ची तर बच्चीच ना?" त्यांनी पहिलं पान उघडलं, उजवीकडचं. "देख. पहिले रोती है. हिची चप्पल तळ्यात गेली. तो हा तुझा हाथी आला."

"ठोंब्या."

"ठोंब्या आला. सोंड घातली पाण्यात, चप्पल काढायला. निघाली किटली. पुन्हा घातली, निघाली छत्री. ज्याची त्याची वस्तू गावात वाटत चालला, गोंधळ झाला. मगर आख़िर में?" शेवटच्या पानावर त्यांनी खळीने चिकट झालेलं बोट ठेवलं. चप्पल मनीच्या पायात होती, आणि दोघं संत्र खात होती. "बच्चों की किताब आहे, बेटी. बच्च्याला रडवून घरी कोण पाठवतो?"

कुमुदिनी कागदाच्या रिमांवर बसली. एकामागून एक सगळी पुस्तकं तिने उजवीकडून उघडून पाहिली. प्रत्येक गोष्ट रडण्यापासून सुरू होत होती आणि हसण्यापाशी थांबत होती. ठोंब्या चोर नव्हता. बिचारा हुडकून हुडकून आणून देत होता, आणि अंबरनाथमध्ये त्याला सात वर्षं शिव्या पडत होत्या. ती आधी खुदकन हसली. मग डोळ्यांना पदर लावला. खेमचंदना वाटलं, खळीचा वास झोंबला. त्यांनी पंखा लावला, तर पानं उडायला लागली.

घरी येऊन तिने श्यामकांतला विचारलं, "सहा महिने राहिलात तिथे, पुस्तक कुठून उघडतात ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," तो म्हणाला.

"मग मी इतकी वर्षं मुलांना उलटं सांगतेय, बोलला नाहीत?"

"मी कधी उघडलंच नाही ग त्यातलं एकही." एवढं बोलून तो पाणी प्यायला उठला, आणि पाणी न पिताच परत आला. मग त्याने वरचं पुस्तक मांडीवर घेतलं.

ठरल्या दिवशी श्यामकांत भाड्याची गाडी करून मुंबईला गेला. इकडे सुखदाच्या प्रत्येक गॅलरीत एकाएकी कपडे वाळत घालायचं काम निघालं. वृंदा ठेवणीतली साडी नेसली होती. सवत पाहायची म्हटली की ती दुसरीची असली तरी बाईमाणसाला चांगलं दिसावंसं वाटतं. रामभाऊंची टपाल वाटायची फेरी त्या दिवशी फाटकापाशी येऊन अडकली, ती अडकलीच.

गाडी आली. दार उघडलं. आणि आतून टोपी घातलेली, पाठीत वाकलेली, वृंदाच्या खांद्याला लागेल न लागेल अशी एक म्हातारी उतरली. फाटकाला नमस्कार केला, रामभाऊंना नमस्कार केला, वाळत घातलेल्या चादरींनाही केला.

"ही?" वृंदा पुटपुटली. "ही तर टिपणिसांची आजी शोभेल!"

रामभाऊंनी पिशवी खांद्यावर मारली आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीकडे पाठ फिरवून सायकलवर बसले.

वर दारात कुमुदिनी उभी होती. शेजारी नव्या फ्रॉकात राही, पढवून तयार. ओकुनोबाई एकेक पायरी धरत चढल्या. वर येऊन त्यांनी राहीला पाहिलं, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा आधी हसला, मग हसता हसता भिजला. दोन्ही हात पुढे करून त्या म्हणाल्या, "शारुमारी."

ते नाव कुमुदिनीने कागदावर पाहिलं होतं. श्यामकांतने लिहिलं होतं, रामभाऊंनी वाचून गावभर केलं होतं. पण हाक म्हणून, आपल्या घराच्या उंबऱ्यात, कोणी मारलेली तिने ऐकली नव्हती. तिने स्वतःही कधी मारली नव्हती.

आणि ती हाक राहीकडे चालली होती. राही गुणाची, राही लाडकी, राहीच्या दातांवर सगळं निभावलेलं. पण ते नाव तिच्या अंगावर पडताना कुमुदिनीला सोसेना. खरं बोलावं म्हणून ती बोलली, असं कोणी तिच्या नावावर चांगुलपण लावू नये. तिला ते नाव दुसऱ्या कोणाला द्यायचं नव्हतं, एवढंच.

"नाही," ती म्हणाली, आणि राहीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही राही. वृंदाची. अहो, सांगा त्यांना."

श्यामकांतने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. सात वर्षांपूर्वी अडकलेलं वाक्य अजून तिथेच होतं.

मग कुमुदिनीने पाहुणीला हाताला धरून आत नेलं. पहिलं पुस्तक आणलं, ओकुनोबाईंनी स्वतः दिलेलं, खेमचंदच्या लाल कापडातलं. उजवीकडून उघडलं. पहिल्या चित्रात मनी तळ्याकाठी एकटी रडत होती. कुमुदिनीने मनीवर बोट ठेवलं, आणि तेच बोट आपल्या छातीवर. दोन्ही हातांचा पाळणा केला. हलवला. आणि हात हळूच उघडून रिकामे केले.

ओकुनोबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्या खुर्चीवरून उतरल्या, फरशीवर गुडघे मोडून बसल्या आणि श्यामकांतला हळू आवाजात काही विचारलं.

"काय म्हणतात?"

"विचारतात, कधी?" श्यामकांत म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. तोडक्यामोडक्या जपानीत, मधे इंग्रजीत, मधे अगदी मराठीत. लाल भात, दुसरी तार, सूप. बाई मधे एकदाही थांबवत नव्हत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं.

"नाव कोणी ठेवलं, म्हणतात."

"सांगा ना. तुम्हीच."

त्याने सांगितलं. ओकुनोबाईंनी त्याला वाकून नमस्कार केला, कपाळ फरशीला टेकेपर्यंत. मग उंबऱ्याकडे तोंड करून, जिथे राहीच्या अलीकडे कोणी उभं नव्हतं तिथे बघत, पुन्हा एकदा हाक मारली. "शारुमारी." या खेपेला कुमुदिनीने ओ दिली. आईने द्यावी तशी, पोर आसपास नसताना.

बाईंच्या पिशवीत चामड्याचं एक लालचुटुक दप्तर होतं. तिकडे शाळेत जायच्या वयाला मुलांना तसलं घेऊन देतात. त्यांनी ते दोन्ही हातांनी कुमुदिनीपुढे धरलं.

"काकू, ते माझं ना?" राहीने दारातून विचारलं. इतका वेळ ती शहाण्यासारखी उभी होती.

"नाही राही. ते तुझं नाही."

"मग मी आई नाही म्हणायचं?"

"नाही ग राणी."

राहीने जरा विचार केला. "पण दोन रात्री जास्तीच्या कबूल केल्यात."

तेव्हा कुठे सगळ्यांना हसू फुटलं. जिन्यात कान देऊन उभी असलेली पोरं आत घुसली, पाठोपाठ वृंदा. तिने येऊन कुमुदिनीचा हात घट्ट धरला आणि काही बोलली नाही, हे वृंदाच्या बाबतीत मुद्दाम सांगायला हवं. कुमुदिनीने पुस्तक मधे ठेवलं आणि उजवीकडून गोष्ट सुरू केली. मनी रडतेय, ठोंब्या आला.

"काकू, उलटं सांगताय!" मुलांनी एकच कल्ला केला.

"उलटं नाही रे, हेच सुलट आहे."

"मग रात्र कुठाय?"

ठोंब्याने चप्पल आणून दिली, मनी हसली, सगळं नीट झालं, आणि मुलांची तोंडं एवढीशी झाली. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सुलट सांगून झाली की म्हणायची, "आता रडवा." आणि कुमुदिनी तीच गोष्ट डावीकडून सांगून रात्रीवर आणायची. ओकुनोबाईंना शब्द कळत नव्हता, पण पान उलटीकडे चाललंय हे कळलं. त्या तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की टोपी पडली.

त्यानंतरही पार्सलं येत राहिली, त्याच नावाची. कुमुदिनी पुस्तकं लाल दप्तरात ठेवायची. सत्त्याण्णवच्या सुमाराला केबलवर ती मालिका लागली तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावरची सोसायटीतली जुनी मुलं छातीठोक सांगत होती, की टीव्हीवाले उलटी दाखवतात. आणि त्याच साली दिवाळी होऊन गेली तरी पार्सल आलं नाही. रिकाम्या हाताने रामभाऊच जिना चढून आले. "वहिनी," ते म्हणाले, "यंदा नाही हो आलं." कुमुदिनीने त्यांना आत बोलावून चहा दिला. वृंदाच्या आधी.

सुखदात आता नवी माणसं आली आहेत, आणि कुजबुज अजून कधीमधी निघते.

श्यामकांत टिपणिसांना जपानात मुलगी नव्हती. मुलगी बदलापूरला झाली, एक दिवस जगली. पुस्तकं तिच्यासाठी येत होती.